रनिंग बॅकने एका मोसमात किती भार सोसावा? सेक्वॉन बार्कलीच्या निमित्ताने

मैदानवेडा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधील फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने, म्हणजे त्यांच्या रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने), 2024 च्या मोसमात साखळी सामन्यांत 345 वेळा आणि प्लेऑफच्या चार सामन्यांत आणखी 91 वेळा चेंडू घेऊन मुसंडी मारली. म्हणजे एका मोसमात 436 कॅरी झाल्या आणि प्लेऑफ धरून 2,504 यार्डांचा विक्रमही झाला. संघाने सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला, पण पुढच्या मोसमात त्याची प्रत्येक कॅरीमागची सरासरी 5.8 यार्डांवरून 4.1 वर आली. हा योगायोग आहे, असे मला वाटत नाही.

जमाल अँडरसनने 1998 मध्ये 410 कॅरी केल्या आणि पुढच्या मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. लॅरी जॉन्सनने 2006 मध्ये 416 कॅरी केल्या, हा साखळी सामन्यांपुरता आजही विक्रम आहे. पुढच्या वर्षी पायाच्या दुखापतीमुळे त्याचा मोसम आठ सामन्यांतच संपला. डिमार्को मरे 2014 मध्ये 392 कॅरींत 1,845 यार्ड धावला आणि 2015 मध्ये नव्या संघाकडून जेमतेम 702. प्रत्येक कॅरीच्या शेवटी शंभर-सव्वाशे किलोचे दोन-तीन खेळाडू अंगावर आदळतात. असे आघात चारशे वेळा सोसलेले शरीर सहा महिन्यांच्या विश्रांतीत पूर्ववत होते, हे मला पटत नाही.

आकडेमोड

आपण दिलेली उदाहरणे खरी आहेत; निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. चारशेच्या आसपास कॅरी कोणाला मिळतात? ज्याला त्या वर्षी दुखापत झालेली नाही, ज्याच्या पुढची लाइन (त्याला वाट करून देणारे खेळाडू) उत्तम खेळते आहे आणि ज्याचा संघ बहुतेक सामन्यांत आघाडीवर असल्याने चेंडू जमिनीवरून नेणेच पसंत करतो, अशा खेळाडूला. इतक्या गोष्टी एकाच वर्षी जुळून आल्यावर पुढचे वर्ष डावे ठरणार, हे भाराचा विचार न करताही सांगता येते.

या चर्चेत टेरेल डेव्हिसचे नाव नेहमी घेतले जाते, म्हणून त्याचेही पाहू. 1998 मध्ये त्याने 392 कॅरींत 2,008 यार्ड काढले आणि 1999 च्या चौथ्या सामन्यात त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. पण ती झाली तेव्हा चेंडू त्याच्या हातात नव्हता. प्रतिस्पर्ध्याने पास अडवून चेंडू पळवला होता आणि डेव्हिस त्याला पाडायला धावला होता. ही दुखापत आदल्या वर्षीच्या कॅरींच्या खात्यावर कशी घालणार? उलट एरिक डिकरसनने 1986 मध्ये 404 कॅरी केल्या आणि 1988 मध्ये 388 कॅरी करून तो पुन्हा लीगमध्ये पहिला आला. बार्कलीबद्दल बोलायचे, तर 2025 मध्ये त्याच्या लाइनमधला लेन जॉन्सन बराच काळ बाहेर होता आणि सेंटर कॅम जर्गन्स पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर खेळत होता. वाट करून देणारेच जायबंदी असतील, तर सरासरी उतरणारच.

मैदानवेडा

डेव्हिसबाबतचा मुद्दा मला मान्य आहे. पण डिकरसन तो डिकरसन. डेरिक हेन्रीने 2020 मध्ये 378 कॅरींत 2,027 यार्ड काढले आणि 2021 मध्ये आठच सामन्यांत 219 कॅरी झाल्यावर त्याच्या पावलाचे हाड मोडले. एवढ्या दणकट माणसाची ही गत होत असेल, तर इतरांनी काय करावे?

आकडेमोड

त्याच हेन्रीने 2022 मध्ये 349 कॅरी केल्या आणि 2024 मध्ये, वयाच्या तिशीत, 1,921 यार्ड काढले. आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

तिसरा_डाउन

आपण दोघेही फक्त कॅरी मोजत आहात, आणि मला तीच मोठी उणीव वाटते. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने 2019 मध्ये 287 कॅरींबरोबर 116 पास झेलले. पुढच्या वर्षी तो तीनच सामने खेळू शकला. क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या खेळाडूच्या) रक्षणासाठी, धावत येणाऱ्या प्रतिस्पर्धी लाइनबॅकरला अंगावर घ्यावे लागते, तो आघात तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

शिवाय प्रश्न केवळ शरीराला झेपते का, एवढाच नाही. न झेपल्यास नुकसान कोणाचे, हाही आहे. डेट्रॉइटने 2023 मध्ये जमीर गिब्स आणि डेव्हिड माँटगोमरी यांच्यात काम वाटून दिले आणि दोघांनीही नऊशेहून अधिक यार्ड काढले, म्हणजे संघाचे काही अडले नाही. फिलाडेल्फियाने 2024 च्या शेवटच्या साखळी सामन्यात, डिकरसनचा साखळी सामन्यांतील 2,105 यार्डांचा विक्रम अवघ्या 101 यार्डांवर असताना, बार्कलीला बसवले. तो निर्णय मला अतिशय योग्य वाटला. मात्र त्यानंतर प्लेऑफच्या चारपैकी तीन सामन्यांत त्यांनीच त्याला पंचवीस किंवा अधिक वेळा चेंडू दिला.

मैदानवेडा

प्लेऑफमध्ये दिला, त्याला माझी हरकत नाही. तिथे राखून ठेवण्यासारखे काही उरत नाही. माझा आक्षेप सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या, निकाल लागून गेलेल्या सामन्यांच्या चौथ्या क्वार्टरमधील कॅरींना आहे. त्या दुसऱ्या बॅकला दिल्या, तर कोणत्या संघाचे काय बिघडते, हे ‘आकडेमोड’ यांनी सांगावे.