बांध रावेरचा, कायदा फ्रान्सचा

धुळ्याचा वकील: काल ‘रावेरचा केळीवाला’ यांनी लिहिलं, ‘फ्रान्समध्ये जज स्वतः तपास करतो, म्हणून तिकडे न्याय लवकर मिळतो. इंग्रजांची पद्धत फेकून द्या.’ बावीस वर्षं दिवाणी दावे चालवतोय, हे वाचून गप्प बसवेना. तपास करणारा तो जज फौजदारीतला, तोही मुख्यतः गंभीर गुन्ह्यांसाठी. जर्मनीने तर ते पद १९७५ मध्येच मोडीत काढलं. बांधाच्या भांडणात तिकडेही पुरावा पक्षकारांनीच आणायचा. आणि फ्रान्ससारखा कलमवार लिहिलेला कायदा हवा म्हणाल, तर तो आपल्याकडेही आहे: दंडसंहिता १८६० ची, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी न्याय संहिता. तारखा काही थांबल्या नाहीत.

रावेरचा केळीवाला: साहेब, तुम्ही कलमं सांगा, मी बांध सांगतो. घड कापणीला आले आन् शेजाऱ्याने रस्ता अडवला. ट्रक बांधावर उभा, घड डोक्यावर वाहिले. तहसीलदारांनी रस्ता दिला, तर त्याने दिवाणीत दावा टाकला. दोन बागा गेल्या त्यात. जर्मनीत साक्षीदाराला आधी जज प्रश्न विचारतो, तज्ज्ञही कोर्टच नेमतं. माझा साक्षीदार तीनदा कोर्टात जाऊन तसाच परत आला.

धुळ्याचा वकील: साक्षीदाराचं मान्य. पण जागेवर जाऊन पाहणी करणारा कोर्ट कमिशनर आपल्याकडेही नेमतात. अर्ज दिला होता का?

रावेरचा केळीवाला: फी मोजली मी आन् अर्जाचंही मीच बघायचं?

शहाद्याची लेक: फ्रान्सचं नाव घेतलंच आहे तर पुरतं घ्या. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेत मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखे. आजही तिथे बापाला मृत्युपत्र करूनसुद्धा मुलांचा राखीव वाटा काढून घेता येत नाही. तीन मुलं असली तर पाऊण इस्टेट राखीव. आपल्याकडे मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. मला भावांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावलं. झोका बांधला, पुरणपोळी केली, आणि दोन दिवसांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली.

रावेरचा केळीवाला: ताई, विषय कोर्टाचा चाललाय. बहिणींना वाटे दिले तर दोन एकराचे किती तुकडे पाडायचे?

शहाद्याची लेक: चार भावांत वाटणी होते तेव्हा तुकडे आठवत नाहीत. बहीण दारात आली की लगेच आठवतात.

धडगावचा मास्तर: तुम्ही दोघं ज्या कायद्यावर भांडताय तो आम्हाला लागूच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) वाचा, अनुसूचित जमाती त्यातून वगळल्यात. आमच्या घरची वाटणी पंचांनी रूढीप्रमाणे केली. वकील नाही, तारीख नाही, अर्ध्या दिवसात निकाल. पंचांत एकही बाई नव्हती. आत्या झाडाखाली बसून होती, तिला कोणी विचारलंही नाही.

धुळ्याचा वकील: केळीवाले, लवकर निकाल हवा होता ना तुम्हाला? आत्याबाईंना लवकरच मिळाला.

रावेरचा केळीवाला: टोचून बोलू नका. जजच्या तपासाचं माझं चुकलं, लिहून देतो. साक्षीदार जजनेच तपासावा, यावरून मात्र हटणार नाही. आन् ताई, तुमचं खरं शे. माझ्याही बहिणीची सही आहे त्या सातबाऱ्यामागे. यापेक्षा जास्त इथे बोलणार नाही.

शहाद्याची लेक: इथे नका बोलू. तिला फोन करा.