गणिताच्या प्रॅक्टिकलला गटाचा एकच रिपोर्ट: योग्य की अन्याय?

वर्तुळकेंद्र (धागाकर्ता)
बी.एस्सी.च्या गणित प्रॅक्टिकलला यंदा मी तिघांचा गट आणि गटाचा एकच रिपोर्ट अशी पद्धत सुरू केली. गुण तिघांना सारखे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी रिपोर्टमधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवणार, तिघांपैकी कुणालाही विचारणार आणि ते उत्तर गटाचं धरणार. मुलं नाराज आहेत, विभागातही विरोध आहे. तरी मला हे बरोबर वाटतं.

आजवर जर्नल प्रत्येकाचं वेगळं असायचं, मजकूर मात्र एकाचाच. सबमिशनच्या आदल्या रात्री एक वही हॉस्टेलभर फिरते, आकडेमोडीतल्या चुकांसकट उतरवली जाते आणि तिच्यावर सही होते. याला स्वतंत्र काम म्हणायला माझी तयारी नाही.

न्यूटन-राफसन घ्या, म्हणजे स्पर्शिकेच्या आधाराने पायरीपायरीने समीकरणाचं मूळ गाठायची पद्धत. क्षचा घन वजा २क्ष अधिक २ = ०, सुरुवात ० पासून. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर दाखवतं १, मग ०, मग १, मग पुन्हा ०. जर्नलमध्ये तक्ता चिकटवून खाली 'पद्धत लागू पडत नाही' असं लिहिलं की विषय संपतो. गटाला मी तिथेच थांबवतो. ०.१ पासून निघा बरं. पुढची किंमत येते १.०१४२, त्यापुढची ०.०७९७. म्हणजे थोडं बाजूने निघालं तरी गाडी त्याच फेऱ्यात ओढली जाते. उलट −२ पासून निघालात तर तीन पायऱ्यांत −१.७६९३ हे मूळ हाती लागतं. मग ० जवळच असं का? एकजण म्हणतो स्पर्शिका आडवी असेल. दुसरा उतार काढून दाखवतो की तो −२ आहे, आडवी कुठली? वाद घालता घालता कुणाच्या तरी लक्षात येतं की ० पाशी सेकंड डेरिव्हेटिव्ह (उतार बदलण्याचा दर) शून्य आहे, आणि सगळी ओढ त्यामुळे आहे. रिपोर्टमध्ये मला हा वाद हवा आहे. खोडलेला अंदाजसुद्धा हवा आहे. नुसतं आउटपुट नको.

सहा_चोवीसची_लोकल
पूर्ण असहमत. वाद घालण्याला माझा विरोध नाही, एकाच्या उत्तरावर तिघांचे गुण ठरवण्याला आहे. गट बसतो कधी? प्रॅक्टिकल सुटल्यावर. हॉस्टेलची मुलं थांबतात. कसाऱ्याहून येणारी मुलगी थांबू शकत नाही, संध्याकाळी दुकानात काम करणारा मुलगाही नाही. मग रिपोर्ट ठरतो त्यांच्याविना, आणि व्हायवाला नेमका त्यांनाच प्रश्न आला की सगळ्या गटाचा राग त्यांच्यावर. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत सरळ नियम असतो: चर्चा एकत्र करा, लेखन प्रत्येकाने स्वतंत्र करा आणि कुणाबरोबर काम केलं त्यांची नावं वर लिहा. तो नियम घ्या की.

उपपत्ती
धागाकर्त्यांशी सहमत. गणितात एकत्र लिहिण्याची परंपरा जुनी आहे. हार्डी आणि लिटलवूड या इंग्रज गणितज्ञांनी सुमारे ३५ वर्षं मिळून काम केलं, जवळपास शंभर निबंध लिहिले. त्यांच्यातले चार करार हॅरल्ड बोर या डॅनिश गणितज्ञाने सांगून ठेवलेत. चौथा असा, की एखाद्या निबंधात दोघांपैकी एकाचा काडीचाही वाटा नसला तरी नावं दोघांचीच. शुद्ध गणितात आजही सहलेखकांची नावं सहसा आडनावाच्या अकारविल्हे येतात, कुणी किती केलं यावरून क्रम लागत नाही.

सहा_चोवीसची_लोकल
@उपपत्ती, हार्डी-लिटलवूड तोलामोलाचे होते आणि त्यांनी एकमेकांना स्वतः निवडलं होतं. इथे गट पाडले आहेत हजेरी क्रमांकाने. त्यांना कुणी २० पैकी गुण देत नव्हतं, आणि आमच्या मुलांची शिष्यवृत्ती त्याच गुणांवर अडते. हा दाखला इथे लावूच नका.

मागचा_बाक
मी विद्यार्थी आहे, दुसऱ्या वर्षाला. एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. रिपोर्ट इंग्रजीत लागतो, त्यामुळे ज्याचं इंग्रजी बरं तोच लिहितो. आमच्या गटात गणित सगळ्यात चांगलं ज्याला येतं तो मराठी माध्यमातून आलाय. रीमान बेरजेच्या (वक्राखालचं क्षेत्रफळ आयतांनी मोजायच्या) प्रॅक्टिकलला त्यानेच पकडलं की आयतांची संख्या दुप्पट केली की डाव्या टोकाच्या बेरजेतली चूक साधारण निम्मी होते, मध्यबिंदू घेतला तर साधारण चौथाई. रिपोर्टमध्ये हे एका वाक्यात आलं, तेही लिहिणाऱ्याला जेवढं कळलं तेवढंच. त्याच्याकडे आलेख काढून चिकटवायचं काम आलं. स्वतंत्र लिहायला लावलं असतं तर त्याला शब्द सुचले नसते, तो माझंच उतरवून मोकळा झाला असता. त्यामुळे मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. कच्चं लेखन मराठीत चालेल असं सरांनी जाहीर करावं, आणि लिहिणारा दर प्रॅक्टिकलला बदलावा.

वर्तुळकेंद्र
@मागचा_बाक, कच्चं लेखन मराठीत चालेल, आणि व्हायवासुद्धा मराठीत होईल. लिहिणारा पाळीपाळीने बदलेल. @सहा_चोवीसची_लोकल, वेळेचा मुद्दा मान्य. यापुढे रिपोर्ट प्रॅक्टिकलच्या तासातच लिहायचा. दोन तासांपैकी शेवटचा पाऊण तास त्यासाठीच, घरी नेणं बंद. पण समान गुण मी सोडणार नाही. गुण वेगळे केले की शेजारच्याला समजावण्यात कुणी पाच मिनिटंही घालवत नाही, हे मी वर्गात बघतो आहे.

सहा_चोवीसची_लोकल
पाऊण तासाची सोय चांगली आहे, आधीच हवी होती. गुणांबाबत मात्र हटणार नाही. निदान १२ गटाचे आणि ८ ज्याचे त्याचे करा. त्या आठांसाठी सायलॅब बंद ठेवून, त्याच समीकरणाची वेगळी सुरुवात देऊन प्रत्येकाकडून एक पायरी हाताने करून घ्या. ज्याने खरंच समजून घेतलंय त्याला पाच मिनिटं पुरतील.

उपपत्ती
आणि ज्याला नाही पुरली त्याच्या गटाने काय करायचं? एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) येण्याआधी पुन्हा एक संधी देणार का? ते आत्ताच ठरवा, परीक्षेच्या आठवड्यात नको.