मदत हवी आहे: सावकाश पळणारा कॅचर बॅटिंगला पहिल्या नंबरवर का?

रानजाई
मंडळी, प्रश्न बेसबॉलचा आहे, हसू नका. न्यू जर्सीत अकरा वर्षं काढली, तरी माझी मजल क्रिकेटवरून अंदाज बांधण्यापलीकडे गेलेली नाही.

लेक नऊ वर्षांचा, इथल्या मुलांच्या लीगमध्ये कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर. अंगाने भरलेला, आणि पळण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात आनंदच आहे. काल कोचची मेल आली, येत्या शनिवारी पहिल्या मॅचला हा लीडऑफ, म्हणजे बॅटिंगला पहिला. तेव्हापासून चिरंजीव घुम्यासारखे बसलेत. "आई, पहिला नंबर फास्ट मुलांचा असतो. सगळे हसतील." हे त्याच्या डोक्यात मीच भरवलंय, रिकी हेंडरसन या वेगवान लीडऑफच्या क्लिपा दाखवून. (कारकिर्दीत १४०६ बेस चोरले त्या माणसाने, म्हणजे कुणी बॉल मारलेला नसताना पळून पुढचा टप्पा गाठला!)

बरं, गुरुवारी, २७ मार्च २०२५ला न्यू यॉर्कच्या यांकीज टीमनेही तेच केलं. सीझनच्या पहिल्याच मॅचला मिलवॉकीविरुद्ध ऑस्टिन वेल्स पहिला. तोही कॅचर. गड्याने सुरुवातच होमरनने (आपल्या सिक्सरसारखा फटका) केली. म्हटलं, चला, पोराला दाखवायला उदाहरण मिळालं. तर शनिवारी वेल्स खाली आणि पहिला कोण, पॉल गोल्डश्मिट! ३७ वर्षांचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा फिल्डर. हे ठरतं तरी कशावर? आणि कोचला सांगून नंबर बदलून घेऊ का?

अण्णा_मिरजकर
ताई, आधी क्रिकेटचा ओपनर डोक्यातून काढा. इथे नवा चेंडू खेळून काढायचा नसतो. पहिला नंबर पहिल्या इनिंगपुरताच पहिला, पुढे चक्र फिरत राहतं.

मॅच संपते तेव्हा बॅटवर नवातला कुणीही असू शकतो. म्हणजे एक पायरी वर सरकलं की दर मॅचला सरासरी एक नवमांश बॅटिंग जास्त. सीझन १६२ मॅचेसचा, भागिले नऊ, झाले १८. नवव्यापेक्षा पहिल्याला वर्षभरात १४४ वेळा जास्त बॅट मिळते. मग ज्याला जास्त वेळा खेळवायचंय तो वर. पळण्यापेक्षा आऊट न होणं महत्त्वाचं. मागे गेल्या वर्षी ५८ होमरन मारलेला अ‍ॅरन जज असला की बेसवरचा माणूस चालत घरी आला तरी रन तेवढाच.

डावखुरी
गुरुवार-शनिवारचं कोडं हाताचं आहे. गुरुवारी मिलवॉकीचा पिचर (बॉल टाकणारा) फ्रेडी पेराल्टा, उजवा. वेल्स डावरा. शनिवारी नेस्टर कॉर्टेस, डावरा, गोल्डश्मिट उजवा. समोरच्या हाताचा बॉल आत येतो, नीट दिसतो. लेफ्ट आर्म स्पिनर आला की आपण डावरा बॅट्समन वर पाठवतो ना, तसंच; तिथे हात उलटा, पण बॉल आत यावा हेच कारण.

शनिवारी कॉर्टेसच्या पहिल्या तीन बॉलवर तीन होमरन गेले: गोल्डश्मिट, बेलिंजर, जज. मॅच २०-९. मी चहा ओतत होते, पहिले दोन हुकले.

खवचट_पुणेकर
कौतुक जरा जपून. गेल्या वर्षी यांकीजकडून वरच्या नंबरवर खेळणारा हुआन सोटो ७६.५ कोटी डॉलर घेऊन न्यू यॉर्कच्याच मेट्स टीमकडे गेला, ग्लेबर टोरेस डेट्रॉइटला. वरच्या जागा रिकाम्या पडल्या म्हणून हे प्रयोग. वेल्सचं ऑन-बेस (आऊट न होता बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) गेल्या वर्षी .३२२ होतं, लीगच्या सरासरीच्या थोडंसंच वर. दोन मॅचेसवर मॅनेजर आरन बूनला चाणक्य ठरवू नका.

पण ताई, कोचला काही सांगू नका. मुलांच्या मॅचेस छोट्या असतात, शेवटच्या नंबरला एखाद-दोनदाच बॅट मिळते. आयता मिळालेला नंबर परत कसला करताय? आणि कॅचर पोरगं सगळ्या मॅचभर बॉलच बघत बसतं. कुठला सोडायचा हे त्याला कळत असणार.

रानजाई
हे पटलं! लीगमध्ये चार बॉल सोडून फुकट बेस घेणारा म्हणून तो प्रसिद्धच आहे. सीझनच्या पहिल्याच मॅचला लीडऑफ होमरन मारणारा वेल्स हा मेजर लीगमधला पहिला कॅचर, हेही सांगितलं. चेहरा थोडा उजळला.

सॉफ्टबॉलची_आई
मॅच घरच्या मैदानावर आहे का? असेल तर तुमची टीम आधी फिल्डिंग करणार. म्हणजे याने कॅचिंग संपवायचं, धावत डगआऊटमध्ये यायचं, मास्क, छातीचं पॅड, दोन्ही शिनगार्ड उतरवायचे, हेल्मेट घालायचं आणि लगेच बॅटिंगला. वेल्सनेही गुरुवारी तेच केलं. माझी लेक गेल्या वर्षी एका पायात शिनगार्ड लटकवून प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) गेली होती. हुक पायाच्या बाहेरच्या बाजूला येतात ना, तेवढं बघा. उलटे घातले की पळताना एकमेकांत अडकतात.

रानजाई
अगं बाई, मॅच घरचीच आहे! आणि हुक आतून लावत होतो आम्ही. रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये प्रॅक्टिस घेतली, बाबा स्टॉपवॉच घेऊन. पहिल्यांदा दीड मिनिट, चौथ्यांदा चाळीस सेकंद. आता स्वतःच म्हणतोय, परत लाव वेळ. फक्त डाव्या पायाचं सगळ्यात खालचं हुक गंजल्यासारखं अडतंय. त्यावर काय करावं?