उंची ४ फूट १० इंच: घडीची ई-सायकल निवडायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी उंची ४ फूट १० इंच, म्हणजे साधारण १४७ सेंटिमीटर. रोज घर ते स्टेशन आणि पुढे स्टेशन ते ऑफिस जायला घडी होणारी ई-सायकल घ्यायची आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

आतापर्यंत दोन चालवून पाहिल्या. पहिलीची चाकं २० इंची, टायर ४ इंच रुंद. सीट पार खाली केली तरी चवडेच टेकत होते. थांबताना तोल गेला आणि २७ किलोचं धूड नडगीवर आलं. तेव्हापासून मनात धास्ती बसली आहे. दुसरी हलकी होती, पण बॅटरी सीटच्या दांड्यात असल्याने सीट पुरेशी खाली जाईना. माहितीपत्रकात 'उंची १५० ते १९०' असं असतं, मी त्याच्याही खाली. लहान मुलांची सायकल घ्या, हा सल्ला कृपया नको.

चाक १६ इंची घ्यावं की २०? आणि खरेदीआधी नेमकं काय मोजायचं?

प्रतिसाद १:
ताई, उंचीचा आकडा सोडा, पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण कळतं. दुकानात टेप घेऊनच जा.

सीटवर बसून दोन्ही तळपाय टेकलेच पाहिजेत असं नाही. तेवढी खाली सीट ठेवून रोज चालवलं तर गुडघे दुखतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं, म्हणून मधला दांडा खाली असणं जास्त महत्त्वाचं. धास्ती जाईपर्यंत सीट थोडी खाली ठेवा, मग हळूहळू वर घ्या. स्प्रिंगवाला सीटदांडा जागा खातो, तो असेल तर साधा बसवून घ्या.

हँडलचंही बघा. बऱ्याच घडीच्या सायकलींत ते वर-खाली होतं, जवळ येत नाही. हात ताणले जात असतील तर ती सायकल सोडून द्या.

प्रतिसाद २:
चाकावरून सीटची उंची ठरत नाही, सांगाड्यावरून ठरते. १६ इंची घडीला आटोपशीर, पण खड्ड्यात जास्त आदळते. मी २० इंचीच सुचवेन, मात्र टायर पावणेदोन-दोन इंचांचेच.

तुमच्यासाठी सेन्सर फार महत्त्वाचा. साध्या कॅडेन्स सेन्सरला पेडल फिरतंय एवढंच कळतं. जोर कितीही लावा, मोटर ठरलेला रेटा देते, तोही किंचित उशिरा. पाय नीट टेकत नसताना तो धक्का घाबरवतो. टॉर्क सेन्सर तुमच्या जोराच्या प्रमाणात मदत करतो. महाग असतो, तरी इथे काटकसर करू नका. ब्रेक दाबताच मोटर बंद होते का तेही तपासा. बोटं लहान असतील तर ब्रेकचा खटका स्क्रूने जवळ आणता येतो.

आणि जिन्याचा विचार करा! छापलेलं वजन बॅटरीसकट आहे का, विचारून घ्या. बॅटरी काढून पिशवीत टाकली की दोन-तीन किलो कमी होतात. ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे २५० वॉट-अवर, एवढ्या अंतराला पुष्कळ. मोठ्या बॅटरीचं ओझं रोज तीन मजले कशाला चढवायचं?

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच मोजलं: ६६ सेंटिमीटर, गुणून ५८ च्या आसपास. म्हणजे पहिल्या सायकलीवर चवडे टेकत होते ते तितकंसं चुकीचं नव्हतं, दांडा उंच असल्याने पुढे उतरता येत नव्हतं, खरी अडचण ती. रविवारी टेप घेऊन जाते आणि दुकानातल्या पायऱ्यांवर उचलूनही बघते.

एक राहिलं. तिथल्या सायकलींचे क्रँक, म्हणजे पेडल जोडलेले दांडे, १७० मिलिमीटरचे आहेत. माझ्याएवढ्या उंचीच्या कुणी ते बदलून १५२ चे बसवले आहेत का? गुडघ्यांना फरक पडला का?