डिस्चार्ज बुकात 'पूर्वी स्टार' पदकाची नोंदच नाही. अण्णांसाठी काय करता येईल?

कोयनाकाठची यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) १९६६ साली भरती झाले आणि १९८३ ला हवालदार ड्रायव्हर म्हणून पेन्शनवर घरी आले. १९७१ च्या लढाईत त्यांची गाडी ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर होती. कमालपूर, बक्षीगंज, मग जमालपूर, ही आताच्या बांगलादेशातली नावं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. जमालपूर पडलं ११ डिसेंबरला, आणि त्याच सुमाराला अण्णांना मलेरियाने गाठलं. मागे तुऱ्याकडे (आताच्या मेघालयात) इस्पितळात हलवलं, तिथून बरे होऊन निघाले ते थेट पंजाबात, दुसऱ्याच युनिटवर.

डिस्चार्ज बुकात (घरी येताना फौजेकडून मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) मेडल्सच्या रकान्यात निळ्या शाईने चार नावं आहेत: सैन्य सेवा, संग्राम, पंचविसावा स्वातंत्र्य वर्धापन दिन आणि नऊ वर्षे दीर्घ सेवा. त्याखाली पानाच्या तळापर्यंत तिरकी रेघ, तिच्यावर जांभळा शिक्का. पूर्वी स्टार, म्हणजे १९७१ ला पूर्व आघाडीवर असलेल्यांचं पदक, त्यात नाही.

इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, अण्णांनी काढलं नाही. गेल्या १६ डिसेंबरला आमच्या भागात एक कार्यक्रम झाला. पूर्व आघाडीवर लढलेल्यांचा सत्कार होता. यादी डिस्चार्ज बुकं बघून केलेली, म्हणून अण्णा टाळ्या वाजवणाऱ्यांत बसले. तिथे एक शब्द बोलले नाहीत. येताना गाडीत म्हणाले, "मग मी काय तिकडं जत्रंला गेलतो का?"

मला एवढंच विचारायचंय की पन्नासच्या वर वर्षं झाल्यावर ही नोंद होऊ शकते का? अर्ज कुणाकडे करायचा? भाऊ म्हणतो, कॅम्पात दुकानात सगळी पदकं मिळतात, एक घेऊन टाकू. ते मनाला पटत नाही. अण्णांचं कोर आणि रेकॉर्ड ऑफिस (जवानांचे कागद सांभाळणारं कार्यालय) कुठलं ते इथे मुद्दाम लिहीत नाही.

रानवारा

ताई, भावाचं ऐका. दुकानातलं घ्या, लावा छातीवर. या वयात कोण तपासायला येतंय? अण्णा गेले होते हे गावाला माहीत आहे ना, मग झालं तर.

जुना हेडक्लार्क

रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे पण सल्ला चुकीचा. दुकानात मिळते तिला आम्ही टेलर्स कॉपी म्हणतो. खरं पदक हरवू नये म्हणून रोजच्या वापराला ती ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण ती ज्याच्या नावावर मुळात पदक आहे त्याच्यासाठी. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. उद्या कुणी जुना सोबती पदक हातात घेऊन कड फिरवून बघेल, आणि कोरी कड बघून अण्णांना काय वाटेल ते तुम्हीच ठरवा.

आता ताई, तुमचं. मी नोकरीतली बरीच वर्षं रेकॉर्ड ऑफिसात काढली. कुठल्या ते विचारू नका.

पहिली गोष्ट म्हणजे, डिस्चार्ज बुक हे मूळ रेकॉर्ड नव्हे. मूळ रेकॉर्ड म्हणजे शीट रोल, जवानाच्या सगळ्या नोकरीचा ऑफिसातला नोंदपट, आणि शीट रोलवर जे चढतं ते पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे युनिटने काढलेल्या लेखी नोंदीवरून. जवान युनिटात आला, गेला, इस्पितळात पडला, लग्न झालं, पोरगं झालं, पदक मिळालं, सगळ्याची पार्ट टू ऑर्डर निघते. घरी जायच्या वेळी एखादा क्लार्क शीट रोल समोर ठेवून डिस्चार्ज बुक भरतो. एका महिन्यात पेन्शनवर जाणारी ढीगभर माणसं, पुढ्यात ढीगभर बुकं. एखादी ओळ राहते.

म्हणून "माझ्या वडिलांना पूर्वी स्टार द्या" असा अर्ज करूच नका. आधी विचारा, "शीट रोलप्रमाणे यांना कुठकुठली पदकं मंजूर आहेत, आणि कुठल्या पार्ट टू ऑर्डरने?" कारण तुमची अडचण तीनपैकी कुठली आहे हे त्यावर कळतं. स्टार मंजूर आहे पण बुकात चढला नाही, तर ते रेकॉर्ड ऑफिसच्या हातातलं काम, एका सहीने होतं. मंजूर आहे पण हातात पडला नाही, तर पदकाची मागणी पुढे जाते आणि तिथे वेळ लागतो. मंजूरच झाला नाही, तर मात्र पुरावा काढायला लागेल आणि केस वर दिल्लीला जाईल.

तुमच्या अण्णांचं नेमकं कुठे बिनसलं असावं ते सांगतो. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं लढाई संपल्यावर सुरू झाली, स्टार तर १९७३ सालचे. प्रत्येक युनिटने आपल्या माणसांची नावनिशी यादी करून पाठवायची. यादी करायच्या वेळी अण्णा जुन्या युनिटच्या हजेरीवर नव्हते, इस्पितळातूनच नाव कटलं होतं. नव्या युनिटला वाटलं जुन्याने पाठवलं असेल. शिवाय अण्णा ब्रिगेडला जोडून दिलेले, म्हणजे तिथे आधीच पाहुणे. पायदळ पलटणीतला जवान सहसा असा सुटत नाही, त्याचा सुभेदार ओरडतो. जोडून दिलेल्या ड्रायव्हर, सिग्नलर, नर्सिंग असिस्टंट यांच्यासाठी ओरडणारं कुणी नसायचं.

संग्राम मेडल आहे यावर विसंबू नका. ते त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं, माणूस जमालपुरात असो नाहीतर पुण्यात. पूर्वेला होते हे त्यातून सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं युनिटवर आल्या-गेल्याच्या तारखांवरून आणि इस्पितळाच्या नोंदीवरून. तुमचा तो मलेरिया आता उपयोगी पडणार बघा. तुऱ्याकडच्या इस्पितळात डिसेंबर १९७१ मध्ये दाखल झालेला ड्रायव्हर पंजाबातून तर आला नसणार!

अर्ज अण्णांच्या सहीनेच करा, तुमच्या नाही. साध्या कागदावर, हिंदीत किंवा इंग्रजीत, ऑफिसर-इन-चार्ज रेकॉर्ड्स यांच्या नावे. आर्मी नंबर, रँक, ट्रेड, भरती आणि डिस्चार्जची तारीख, १९७१ मधलं युनिट, कुणाला जोडले होते, इस्पितळ. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, कोऱ्या पानांसकट. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवा, त्यांचं कव्हरिंग लेटर असलं की आवक नोंदवहीत कागद हरवत नाही. मूळ बुक ते मागतील तेव्हाच, स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून. बुकात स्वतः पेन्सिलनेसुद्धा काही लिहायचं नाही.

नावाचं स्पेलिंग बघून घ्या. आमच्याकडच्या ज्ञानदेवाचा तिकडचा क्लार्क ग्यानदेव करतो, आणि आधारवर तिसरंच काहीतरी असतं. बुकात जसं आहे तसंच अर्जात लिहा.

ह्यूस्टनकर

हेडक्लार्क काका, वाचताना मजा आली. इथे अमेरिकेतही हाच प्रकार चालतो. माझ्या शेजारी व्हिएतनामला गेलेले एक आजोबा आहेत. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर, म्हणजे डीडी-२१४ वर, एक पदक राहिलं होतं. इथे मूळ कागदाला हात लावत नाहीत, डीडी-२१५ नावाचा दुरुस्तीचा वेगळा कागद देतात आणि दोन्ही बरोबर ठेवायचे. त्यांचं नशीब की फाइल शाबूत होती. सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला १२ जुलै १९७३ ला आग लागली, १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. १९१२ ते १९६० दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांच्या तर सुमारे ८० टक्के. त्या पिढीची मुलं आजही जुन्या पगाराच्या पावत्या आणि इस्पितळाची बिलं जोडून वडिलांची नोकरी शाबीत करत बसलीयत.

जुना हेडक्लार्क

ह्यूस्टनकर, आपल्याकडे आगीची गरज लागत नाही. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नियमानेच नष्ट करतात. मागे राहतो तो लाँग रोल, त्यात माणसामागे एक ओळ. अशा घरांतून पत्रं यायची तेव्हा उत्तर लिहायला पेन उचलत नसे. अण्णा पेन्शनर आहेत, त्यांचे कागद मिळायची आशा चांगली आहे.

वकिलीण बाई

मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. नकार आला तर तिथे जाता येईल. आमदारांचं पत्रही जोडा, वजन पडतं.

जुना हेडक्लार्क

न्यायाधिकरण शेवटी, आणि लेखी नकार हातात असल्याशिवाय नाही. आमदारांचं पत्र नको. ते पत्र आलं की फाइल क्लार्कच्या टेबलावरून उचलली जाते आणि उत्तर तयार करणारा साहेब बदलतो, बाकी काही होत नाही. अर्जाला उत्तरच नाही आलं तर माहिती अधिकारात शीट रोल आणि त्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत. तोही अर्ज अण्णांच्याच सहीने, ओळखपत्र जोडून. मुलीने मागितली की "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून परत येते.

कोयनाकाठची

सगळ्यांचे आभार. थोडं लांबलं म्हणून आत्ता लिहितेय. अर्जाला उत्तर नव्हतं, मग काकांनी सांगितलं तसं माहिती अधिकारात मागितलं. दिवाळीनंतर जाडजूड पाकीट आलं. शीट रोलची झेरॉक्स इतकी फिकट की खिडकीपाशी धरून वाचावी लागली. इस्पितळाची नोंद आहे. आणि पदकांच्या भागात पूर्वी स्टारही आहे! पार्ट टू ऑर्डर नव्या युनिटने काढलेली, लढाईनंतर काही वर्षांनी. म्हणजे मंजूर होता, बुकात चढला नाही आणि हातातही पडला नाही. अण्णांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाले, "त्या वेळचा आमचा हेडक्लार्क मद्रासी होता, माणूस लई नेक." आता बुक पोस्टाने पाठवलं होतं ते सही-शिक्क्यासह दुरुस्त होऊन परत आलंय. पदकाची मागणी पुढे गेली आहे असं पत्र आहे.

काका, एकच विचारते. आधीची चार पदकं एका पट्टीवर शिवलेली आहेत. नवं आलं की शेवटी जोडायचं का? आणि ते येईपर्यंत १६ डिसेंबरला काय?

जुना हेडक्लार्क

शेवटी नाही, सगळ्यात आधी. बघणाऱ्याच्या डावीकडून, म्हणजे अण्णांच्या छातीच्या मध्याकडून क्रम असा: पूर्वी स्टार, संग्राम, सैन्य सेवा, पंचविसावा स्वातंत्र्य वर्धापन दिन, मग नऊ वर्षे. तेव्हा पट्टी पूर्ण उसवून नव्याने बांधावी लागेल. कुठल्याही छावणीतला मिलिटरी टेलर करून देतो, रिबिनीही नव्या घाला, जुन्यांचा रंग उडाला असेल.

खरं पदक येईपर्यंत आता टेलर्स कॉपी बिनधास्त लावा, बुकात नोंद आहे. रानवाराही खूश होतील. आणि दुरुस्त झालेल्या पानाची झेरॉक्स सत्काराची यादी करणाऱ्यांना नोव्हेंबरातच नेऊन द्या. यादी आधी छापली जाते.