सोप्याला राखाडी: हिरवट झाक की मातकट?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
जुनं कौलारू घर. सोपा (पुढची खोली) १० बाय १२ फूट, भिंती १० फूट, खिडकी एकच, उत्तरेला. खाली लाल ऑक्साइडचा कोबा. हिरवट राखाडी आणि मातकट राखाडी अशा दोन शेड काढल्यात, कार्डावर दोन्ही सारख्याच दिसतात. गणपतीआधी उरकायचंय. कुठली घेऊ?

शहापूरकर
मातकट. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यात हिरवट राखाडी उदास दिसते. शिवाय लाल कोब्याशेजारी ती आहे त्याहून हिरवी भासणार. कार्डं पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून बघा, झाक लगेच कळते. फक्त मातकटावर ३००० केल्विनचा पिवळा दिवा नको, भिंत गुळचट दिसते. ४००० चा, जरा पांढरा, लावा.

रंगकाम_खानापूर
पटलं, पण नमुना मारल्याशिवाय डबा आणू नका. दोन फुटी पुठ्ठ्याला प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन, कडेनं दोन बोटं पांढरी पट्टी सोडायची. जुन्या भिंतीवर थेट पट्टे मारले की जुना रंग डोळ्याला फसवतो. इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की गडद होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बघा. पुठ्ठा कोब्याला टेकवून सकाळी, चारच्या सुमारास आणि रात्री दिव्याखाली.

टिळकवाडी
रंग किती लागेल? आणि खालची दोन फूट भिंत ओल धरते.

रंगकाम_खानापूर
घेर ४४ गुणिले १० म्हणजे ४४०. दार-खिडकी वजा जाता ४०० चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे ४ लिटरचा एकच डबा घ्या. लिटर-लिटरचे चार आणले तर आधी बादलीत एकत्र ढवळा. टिंटिंगमधला (दुकानात मशीनवर शेड मिसळतानाचा) थेंबभर फरक असल्या मळकट शेडमध्ये उठून दिसतो.

ओल असेल तर मात्र गणपती विसरा. फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर रंग महिन्या-दोन महिन्यांत पोपडे धरेल. ओलीनं भिंतीवर आलेला पांढरा क्षार कोरड्या ब्रशनं झाडा, धुऊ नका, पाण्यानं तो परत भिंतीत मुरतो.

शहापूरकर
गिलावा चुन्याचा आहे का ते आधी बघा हं. असेल तर त्या खालच्या दोन फुटांवर अ‍ॅक्रिलिक पुट्टी नको, ओल आत कोंडते. तिथं चुन्याचीच सफेदी, वरच्या भिंतीला इमल्शन. मधे कोब्याच्या लाल रंगाची बोटभर रेघ ओढली की जोड लपतो.