मदत हवी आहे: दाढीचा ब्रश कुठला घेऊ?

मंडळी, ट्यूबमधलं क्रीम सोडून घट्ट साबणाकडे वळतोय, त्यासाठी ब्रश हवाय. दाढी राठ, पण मानेची कातडी नाजूक. जरा घासलं की पुरळ उठतं. पाणी बोअरवेलचं, जड, त्यामुळे फेस नीट धरत नाही.

डुकराच्या केसांचा ब्रश ताठ असतो, घट्ट साबण चांगला उचलतो. पण आधी भिजवावा लागतो, आणि टोकं फाटून मऊ व्हायला वेळ जातो. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो, पण चांगला घ्यायचा तर महाग. शिवाय आमच्या आईला बाथरूममध्ये कुठल्याच प्राण्याचे केस चालणार नाहीत. (डुकराचं नाव काढलं तर संपलंच!) म्हणून कल सिंथेटिककडे. भिजवायची कटकट नाही, लवकर वाळतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार मोलाचं.

अडलंय ते इथे: झुबक्याचा व्यास २२ मिमी घ्यावा की २६? चेहरा लहान आहे, मोठ्या ब्रशने फेस नाकाकानांत जायचा. आणि काही सिंथेटिक ब्रश इतके लवचिक असतात की फेस भिंतीवर उडतो म्हणे, खरं का? तुम्ही फेस वाटीत करता की थेट गालावर? बजेट हजाराच्या आत.